कृष्णाबाईचं ‘बस’

मी एक जुना दाबमापक आहे. मित्रांनो, नाव ऐकून तुम्ही काहीतरी अवाढव्य यंत्र डोळ्यांपुढे आणाल, पण मी तुमच्या कंपासपेटीत कसाबसा मावेन एवढाच आहे. गोल तबकडी, तिच्यावर एक काटा, पोटात स्प्रिंग आणि तोंडाला रबराची काळी गोळी. ही गोळी माणसाच्या अंगठ्याच्या नखावर टेकवायची आणि हळूहळू दाबत जायचं. दुखायला लागलं की तो माणूस म्हणतो, "बस." त्या क्षणी माझा काटा जिथे असेल तिथेच थांबून राहतो आणि किती दाबावर दुखलं ते समजतं. थोडक्यात काय, आजवर ज्याची ज्याची माझ्याशी गाठ पडली, त्यातला एकही मला भेटून खूश झालेला नाही. असं नशीब घेऊन जन्माला येणंही सोपं नसतं बरं का!

माझा जन्म पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. आम्ही सगळी भावंडं खरं तर फळांसाठी घडवली गेलो होतो. पेरू किती पिकला, नासपती किती कडक आहे, हे दाबून सांगायचं हाच आमच्या घराण्याचा धंदा. भावंडं खोक्यांत बसून बागायतदारांकडे रवाना झाली. मलाही तसंच सुवासिक आणि निवांत आयुष्य मिळालं असतं, कारण फळं दाबली तरी ओरडत नाहीत. पण एके दिवशी एक सडपातळ तरुण बाई कारखान्यात आल्या. त्यांनी मला उचललं, स्वतःच्याच अंगठ्यावर ठेवून दाबलं, "आई गं!" म्हणाल्या आणि हसत हसत मालकांना म्हणाल्या, "हाच द्या. याचं लोखंडी टोक काढून तेवढं रबर बसवून द्या."

त्या होत्या डॉक्टर कल्पिता घरत. गोळ्या-इंजेक्शनं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, तर वेदनेवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ. उत्तर रायगडातल्या मिठागरावर राबणाऱ्या घरात त्या वाढल्या. आई काशीबाई सकाळपासून मिठाच्या खाचरात अनवाणी उभी असायची. तिच्या तळपायांना भेगा पडलेल्या, त्या भेगांत खारं पाणी जायचं, पण आई कधी हूं की चूं करत नसे. लहानग्या कल्पिताला वाटायचं, आईला दुखतच नाही. पुढे मोठी होऊन, शिकूनसवरून ती याच प्रश्नाच्या मागे लागली. एकाच काट्याने एकाला ब्रह्मांड आठवतं आणि दुसऱ्याला त्याचं काहीच कसं वाटत नाही?

मित्रांनो, कल्पिताताईंनी हे मला प्रयोगशाळेत इतक्या वेळा ऐकवलंय की आता माझंही पाठ झालंय. बोटाला काही टोचलं की निरोप हातातून पाठीच्या कण्यात जातो आणि तिथून वर मेंदूकडे. मेंदू नुसता ऐकून घेत नाही. तो वरून उलट निरोप धाडतो, "कळलं, आता गप्प बसा." म्हणजे वेदनेला मेंदूचा एक ब्रेक असतो. काहींचा ब्रेक पक्का असतो, काहींचा ढिला. आणि काही जणांच्या बाबतीत तर जखम भरून गेली तरी निरोप जातच राहतो. हा ब्रेक कसा चालतो आणि कसा बिघडतो, हाच ताईंचा ध्यास होता.

माझी उमेदीची वर्षं मुंबईच्या प्रयोगशाळेत गेली. कॉलेजची मुलं यायची, मेंदूचा ब्रेक लागतो का ते बघायला एक हात बर्फाच्या पाण्यात बुडवायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर मी. एका धिप्पाड कबड्डीपटूने तर माझं रबर नखाला लागायच्या आतच "बस, बस!" म्हणून हात मागे घेतला होता. ताईंनी तेही वहीत टिपून घेतलं, मला मात्र हसू आवरत नव्हतं. ताईंचे लेख छापून येऊ लागले, लोक त्यांना भाषणांना बोलावू लागले. मला त्या पिशवीत न टाकता चष्म्याच्या घरात, मऊ कापडात गुंडाळून नेत. मी तेव्हा भलताच तोऱ्यात होतो.

मग ताईंनी ठरवलं की सावलीत बसणाऱ्या मुलांवर पुष्कळ झालं, आता कष्टाच्या माणसांकडे जायचं. आम्ही आगरदांड्याला आलो. तिथे धक्क्याजवळ कोळंबी सोलायची एक शेड आहे. आसपासच्या गावांतल्या बाया दिवसभर बर्फात हात घालून कोळंबी सोलतात. शेडच्या शेजारची एक रिकामी खोली ताईंना मिळाली. काम सुटलं की बाया तिथे येत.

पहिल्याच दिवशी ताईंच्या बर्फाच्या बादलीची फजिती झाली. ज्या पाण्यात कॉलेजची मुलं मिनिटभर तग धरत नसत, त्यात सोनाबाई नावाची एक बाई कोपरापर्यंत हात घालून आरामात गप्पा मारत बसली. ताई वाट बघून थकल्या.

"मावशी, गार नाही लागत?"

"गार?" सोनाबाईने हात ढवळून पाहिला. "बाय, हा बरफ कालचा दिसतो. आमच्या शेडवरचा आनून देऊ काय?"

सगळ्या खो खो हसल्या. ताईही हसल्या आणि बादली कोपऱ्यात गेली. मग माझी पाळी आली. हात पुढे करायला या बायांना सांगावंच लागत नसे. त्या यायच्या, ताठ बसायच्या आणि अंगठा पुढे करायच्या. काटा अर्ध्यावर गेला, "बस" नाही. पाऊण तबकडी पार झाली, "बस" नाही. शेवटी काटा टोकाला जाऊन टेकला तरी समोरची ओठ मिटून बसलेली. मग बाहेर जाऊन एकमेकींना विचारायच्या, "तुजा कुठवर गेला गो?" शेवटपर्यंत गेला म्हटल्यावर शाबासकी मिळायची. त्यांनी माझं नावही ठेवलं होतं, दाब्या.

ताईंचा आनंद गगनात मावेना. एवढा पक्का ब्रेक त्यांनी कुठेच पाहिला नव्हता. पण मित्रांनो, माझ्या तोंडाला रबर आहे आणि त्या रबराला नखाखालचं सगळं कळतं. त्या अंगठ्यांची शीर न शीर थरथरत होती. ताईंची नजर माझ्या तबकडीवर होती, बायांच्या तोंडाकडे नव्हती. मी काय सांगणार? माझ्याजवळ फक्त काटा, आणि काट्याला जेवढं सांगता येतं तेवढंच त्याने सांगितलं.

त्यात एक होती कृष्णाबाई. पन्नाशीची, उंच आणि अबोल. तिला गोदू नावाची तिची शेजारीण हाताला धरून घेऊन आली होती. "हिचा हात बगा, बाय. धक्क्यावर मासली निवडताना शिंगाल्याचा काटा गेला हिच्या तलव्यात. मागल्या दिवाळीची गोष्ट. जखम कवाच भरली, पन हात अजून जलतो म्हंते. पदर लागला तरी दचकते."

"कायपन सांगू नको," कृष्णाबाईने तिला कोपराने ढोसलं. "काय न्हाय झालाय माज्या हाताला."

ताईंना अशीच माणसं हवी होती. जखम भरूनही ज्यांचं दुखणं जात नाही, अशांना त्या मुंबईला एका उपचार केंद्रात पाठवणार होत्या. अशा हाताला वेळेवर उपचार मिळाला तर तो सुधारतो. नाहीतर बोटं हळूहळू आत वळत जातात आणि मूठ कायमची मिटते. कृष्णाबाईची दोन बोटं तेव्हाच आत वळू लागली होती. म्हणजे तिचा उजवा हात राहणार की जाणार, हे माझ्या काट्यावर ठरणार होतं.

ताईंनी मला आधी डाव्या अंगठ्यावर दाबलं. काटा टोकाला गेला. मग उजव्या. रबर नुसतं टेकलं आणि त्या हातातून जी कळ उठली, ती माझ्या स्प्रिंगपर्यंत पोचली. मला वाटलं, आता म्हणेल. आता तरी म्हणेल. कृष्णाबाईने समोरच्या भिंतीवर डोळे रोखले आणि काटा टोकाला जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. "दोन्ही हात सारखेच," ताई तबकडी वाचून म्हणाल्या. उपचाराला जाणाऱ्यांत कृष्णाबाईचं नाव आलं नाही. मला त्या दिवशी स्वतःच्या तबकडीची लाज वाटली.

पुढे दिल्लीला मोठी परिषद भरली. ताईंनी आगरदांड्याच्या बायांचे आकडे मांडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. एका वर्तमानपत्राने तर मथळा दिला, ‘या कोकणी बायांना दुखतच नाही!’ ताईंनी ते कात्रण आणि पेढ्यांचा पुडा घेतला आणि आभार मानायला आम्ही पुन्हा धक्क्यावर आलो.

कात्रण आमच्या आधीच तिथे पोचलं होतं. शेडचा मुकादम विनेश याने ते दाराशीच चिकटवलं होतं. कुणी बाई जरा पाय मोकळे करायला उठली की तो त्याकडे बोट दाखवायचा. "पेपरात आलाय, तुमाला दुखत न्हाय. बसा खाली." बोलायला तो तसा हसतमुख होता. आणि दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरने कृष्णाबाईला हेच ऐकवून परत पाठवलं होतं. तिची आता तीन बोटं वळली होती. ती पदराखाली हात लपवून कोपऱ्यात बसली होती.

पेढे वाटून झाले. सोनाबाईने मला टेबलावरून उचललं. "सगल्यांना दाबतंस बाय, आता आमी तुला दाबतो. बसायचा हाय काय?"

ताई हसत खुर्चीत बसल्या. अंगठा पुढे केला. सोनाबाईने दाबलं, काटा जेमतेम तिसऱ्या आकड्यापर्यंत गेला आणि ताई म्हणाल्या, "बस, बस!"

खोलीत हशा पिकला. सोनाबाई डोळे पुसत म्हणाली, "गेलीस घरी! तुला कोन घेनार न्हाय कामाला."

ताई आपला अंगठा चोळत होत्या. त्या थांबल्या. "कामाला? याचा कामाशी काय संबंध?"

"मंग? दाब्यानं कशापाई दाबतात?"

आणि मग सगळं बाहेर आलं. रोज सकाळी विनेश शेडच्या दारात उभा राहतो आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीची बोटं दाबून बघतो. सुजलेल्या बोटांनी कोळंबी सोलणं होत नाही. जी हात मागे घेते, तिला त्या दिवशी घरी जावं लागतं. म्हणून बायांनी दातावर दात दाबून उभं राहायची सवयच लावून घेतली होती. मुंबईहून डॉक्टरीण आली, शेडच्या शेजारीच बसली आणि बोटं दाबायचं यंत्र घेऊन आली. बायांनी सरळ हिशेब केला की मालकाने नवीन परीक्षा काढली आहे. शेवटपर्यंत तग धरेल तिचं काम पक्कं.

"म्हणजे तुम्हाला दुखत होतं?" ताईंनी विचारलं.

गोदू म्हणाली, "दुखनार न्हाय तर काय? आमची काय मानसाची बोटां न्हाईत?"

ताई उठल्या, बाहेर जाऊन त्यांनी दारावरचं कात्रण ओरबाडून काढलं. परत आत यायचं त्यांना धैर्य झालं नाही. त्या दिवशी मुंबईला न जाता त्या माहेरी गेल्या. सोनाबाईने मला पर्समध्ये टाकून बाहेर त्यांच्या हाती दिलं होतं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. काशीबाई ओट्यावर बसल्या होत्या, आता पार थकलेल्या. ताई त्यांच्या पायाशी बसल्या आणि तळपाय मांडीवर घेतले.

"आई, मिठागरावर तुझे पाय दुखायचे का गं?"

"मंग? दगडाचे व्हते का?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

म्हातारी लेकीकडे बघत राहिली. "तू इचारलास कवा?"

ताईंनी त्या तळपायांच्या भेगांवरून हात फिरवला. मला पर्समध्ये हुंदक्यांचे धक्के जाणवत होते.

मुंबईला आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते आकडे मागे घेण्याचं. वरिष्ठांनी फोनवर समजूत घातली. "अगं, बायकांच्या गप्पांवरून इतकी मेहनत पाण्यात घालतेस? थोडी दुरुस्ती कर आणि राहू दे." ताईंनी राहू दिलं नाही. त्यांनी जाहीरपणे कळवलं की आपले निष्कर्ष चुकले आहेत. त्या वर्षी त्यांची होऊ घातलेली बढती दुसऱ्याच कोणाला मिळाली. टाळ्या वाजवणारे लोक आता त्यांना पाहून जिन्यावरच घड्याळात बघू लागले. मला वाईट वाटलं, पण इतका अभिमान मला दिल्लीतही वाटला नव्हता.

आणि मग आम्ही पुन्हा आगरदांड्याला निघालो. या वेळी ताईंनी शेडपासून लांब, शाळेच्या मागची खोली मागून घेतली. बायांना सांगितलं की याचा मुकादमाशी काही संबंध नाही. पण अशा गोष्टी सांगून कुणाला पटतात? म्हणून त्यांनी एक नवी रीत घातली. जी बाई येईल, तिने आधी मला हातात घ्यायचं आणि ताईंच्या अंगठ्यावर दाबायचं. ताई "बस" म्हणाल्या की काढायचं. त्यानंतरच तिची पाळी. दिवसाअखेर ताईंचं नख निळं पडायचं, मग दुसऱ्या दिवशी दुसरा अंगठा.

कृष्णाबाई येत नव्हती. गोदूने तिला शेवटी ओढूनच आणलं. ती आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची करंगळी तळव्याला टेकली होती. तिने डाव्या हातात मला धरलं आणि ताईंच्या अंगठ्यावर टेकवलं. जरा दाबलं, लगेच ताईंच्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा जरा दाबलं. "बस," ताई म्हणाल्या, आणि कृष्णाबाईने चटका बसल्यासारखा मला उचलला. "लागला काय गो?" ती घाबरून म्हणाली.

"लागलं. पण तू काढलंस ना," ताई म्हणाल्या. "आता मी दाबते. तू म्हणशील तिथे थांबेन. कुणी तुला घरी पाठवणार नाही."

डाव्या हाताला काटा अर्ध्यावर गेला आणि ती हळूच म्हणाली, "बस." तिला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलं असावं.

मग उजवा हात. ती तो पुढे करेना. ताई थांबल्या. त्यांनी घाई केली नाही. कृष्णाबाईने दाराकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. मग तिने पदर बाजूला केला आणि हात टेबलावर ठेवला. ताईंनी माझ्या तबकडीकडे पाहिलंही नाही. त्या कृष्णाबाईच्या डोळ्यांकडे बघत होत्या. माझं रबर नखाला नुसतं टेकलं, काटा जागचा हलला न हलला, आणि कृष्णाबाईचे ओठ पुन्हा घट्ट मिटले. माझी स्प्रिंग आखडून गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, म्हण गं बाई, म्हण!

"बस," कृष्णाबाई म्हणाली.

ताईंनी मला तत्काळ उचललं. कृष्णाबाई आपल्या अंगठ्याकडे, मग ताईंच्या हातातल्या माझ्याकडे बघत राहिली.

"काडलंस?" तिने विचारलं.

"तू बस म्हटलंस ना, मावशे."

आणि ती उंच, अबोल बाई लहान मुलीसारखी रडायला लागली. गोदूने तिला जवळ घेतलं. रडता रडता ती एवढंच म्हणत होती, "जलतो गो. लई जलतो. कवापासून जलतो."

त्याच आठवड्यात ती उपचाराला गेली. मित्रांनो, ही काही जादूची गोष्ट नाही. उशीर झालाच होता. करंगळी काही पूर्ण सरळ झाली नाही. पण रोज कापसाने, मग मऊ फडक्याने, मग तांदळाच्या परातीत हात फिरवून फिरवून त्या हाताला स्पर्शाची पुन्हा ओळख करून दिली गेली. जखम नसताना वाजत राहिलेला मेंदूतला भोंगा हळूहळू शांत झाला. पुढच्या दिवाळीला कृष्णाबाई आम्हाला भेटायला आली ती उजव्या हातात बांगड्या भरून. विनेशही दारात बोटं दाबेनासा झाला. बाया एक दिवस सगळ्या मिळून हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या होत्या, असं म्हणतात. ते मात्र मी पाहिलेलं नाही.

ताईंनी आगरदांड्याचं काम नव्याने पुरं केलं. त्यातून त्यांना जे सापडलं ते त्यांनी मागे घेतलेल्या आकड्यांपेक्षा किती तरी मोलाचं होतं. थांबवणं आपल्या हाती आहे असं ज्या बाईला मनापासून वाटतं, तिला तोच दाब कमी दुखतो. मेंदूचा ब्रेक तिथेच होता. त्याला फक्त कुणीतरी ऐकतंय अशी खात्री हवी होती. या वेळी टाळ्या कमी पडल्या, पण ताईंना त्याचं काही वाटलं नाही.

आता माझं वय झालं. खाऱ्या हवेने स्प्रिंग गंजली, काटा अडखळतो. प्रयोगशाळेत माझ्या जागी आकडे झळकवणारं नवं यंत्र आलं आणि मी बरीच वर्षं कपाटाच्या तळाशी, जुन्या वायरींच्या गुंत्यात पडून होतो. रबर चिरलं, तबकडीवर धूळ बसली. कुणाला माझी आठवण उरली नाही असं मी धरून चाललो होतो. मागच्या पावसाळ्यानंतर ताईंनी कपाट आवरायला काढलं. मी हाताला लागलो तशा त्या खाली फरशीवरच बसल्या, पदराने मला पुसलं आणि आपल्या टेबलावर ठेवलं. नवीन विद्यार्थी आला की त्या अजूनही मला त्याच्या हातात देतात आणि स्वतःचा अंगठा पुढे करतात. पहिला धडा हाच असतो.

मला तेल घाला, पुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. लोखंड आहे, गंजायचंच. पण मित्रांनो, एक गोष्ट ऐका. आयुष्यभर लोक म्हणत आले की मी वेदना मोजतो. ते खरं नाही. मी फक्त माणसाने ‘बस’ कधी म्हटलं एवढंच मोजतो, आणि कितीतरी माणसं ते म्हणतच नाहीत. घरात, वर्गात, खेळताना, तुमच्या आसपास कुणी ओठ मिटून बसलं असेल तर त्याला विचारा. आणि कुणी ‘बस’ म्हटलं, मग ते किती का हळू म्हटलेलं असेना, तर खरं की खोटं याची चौकशी नंतर करा. आधी हात उचला.